सगळ्यांच्या पुढं येणारी खिडकी

हे ऐकीव नाही. मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, दिंद्रुडला माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

माझा मामेभाऊ केदारनाथ घरी बसून सॉफ्टवेअरची कामं करतो. त्याची बायको रुद्राणी आजारपणामुळं आतल्या खोलीत पडून असायची. हाक मारायचंही त्राण नव्हतं. म्हणून त्यानं तिच्या उशाशी एक बटण बसवलं, आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तिनं बटण दाबलं, की याच्या कॉम्प्युटरवर एक छोटी खिडकी सगळ्या खिडक्यांच्या पुढं यायची. तिच्यावर दोनच शब्द असायचे.

'इकडं या.'

माघात रुद्राणी गेली. केदारनं बटण काढलं. प्रोग्रॅम पुसला.

त्या खोलीत मग त्याची आई, माझी नीलामामी, झोपायला लागली.

त्या दुपारी मी केदारच्या शेजारीच बसलो होतो. आणि...

'इकडं या.'

केदारनं माऊस सोडून माझ्याकडं बघितलं.

"पुसलं न्हाईस का बे?"

"पुसलंय, दादा. तुलाबी दिसायलीय ना?"

त्यानं खिडकी बंद केली. परत आली. मागं ढकलली. परत पुढं. मग ही खिडकी कोणत्या प्रोग्रॅमची, ते सांगायची आज्ञा त्यानं कॉम्प्युटरला दिली.

उत्तर आलं...

कुठल्याच प्रोग्रॅमची नाही.

तेवढ्यात बाकीच्या खिडक्या मिटायला लागल्या. एकेक करून. कुणी हात लावला नव्हता.

ती एकच उरली. हळूहळू डावीकडं सरकत पडद्याच्या कडेला जाऊन थांबली.

डावीकडं... आतल्या खोलीचं दार होतं.

आम्ही धावलो. मामी उठून बसली होती. चेहरा पांढराफटक.

"काहून पळत आलाव रे? घोटभर पाणी मागितलं, तर रुद्राणीनं दिलं की."

ओठ ओले होते. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

खोलीत तांब्या नव्हता. पेलाही नव्हता.

त्याच दिवशी दिवेलागणीला मामीही गेली.

"माजलगावला माझ्याकडं चल," मी केदारला लई विनवलं.

तो आतल्या खोलीकडं बघत म्हणाला, "म्या गेलो, तर ती कुणाला बोलवंल?"

तेव्हापासून तो तिथं एकटाच राहिला. आता परवापासून त्याचा फोन लागत नाही.

शेजारी म्हणतात, दाराला आतून कडी आहे. हाक मारली, की आतून पाणी ओतल्याचा आवाज येतो.

मला जायलाच पाहिजे. चप्पल घालून केव्हाचा दारात उभा आहे...

पाय उचलत नाही.