मागचा आवाज

आधी चहा घ्या. या गोष्टीत माझी मान ताठ राहील असं काहीही नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

दोन हजार सात साल असेल. धामणकर नाक्यावर माझं मोबाइलचं छोटं दुकान होतं. लोक मेमरी कार्ड घेऊन यायचे आणि एकच विचारायचे, "प्रितेशभाई, किती गाणी बसतील?" कशी वाजतील, हे कोणी विचारत नसे. मग मीही दाबून दाबून भरायचो. गाणं दाबायचं म्हणजे मोठ्या आवाजाच्या आड जे बारीक आवाज असतात, ते कॉम्प्युटर काढून टाकतो. तसेही ते माणसाला ऐकू येत नाहीत, असं धरून चालायचं.

एका दुपारी दापोड्याच्या हौसामावशी आल्या. त्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गायला आजूबाजूच्या दहा गावांतून त्यांना बोलावणं यायचं. पिशवीतून त्यांनी रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा हळदीत कोणीतरी त्यांचं गाणं टेप केलं होतं.

"नातवानं मोबाइल दिलाय. त्यान घालून दे. जपून रं बाबा, एकच हाय."

ती नव्वद मिनिटं मी इतकी दाबली की कार्डातलं नातवाचं एकही गाणं उडवावं लागलं नाही. म्हातारीच्या कानाला काय कळतंय! त्याच संध्याकाळी एका ट्रकवाल्याला भरलेली कॅसेट हवी होती. कोरी कुठे मिळेना. मोबाइलमध्ये आलंय ना सगळं, असं म्हणून मी मावशींच्याच कॅसेटवर त्याला कव्वाल्या भरून दिल्या. ट्रक नाशिकच्या रस्त्याला लागला. हे सांगताना आजही तुमच्याकडे बघवत नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी परत आल्या.

"माजी बाय न्हाय यान."

"कोण बाय?"

"मैना. माजी पोर. माजे मागनं गायची... बारीक आवाज होता तिचा. पंधरा वर्सं झाली जाऊन. फोटू पन न्हाय माजेकडं, एवढाच आवाज हाय. मना टेप दे परत."

खोटं बोल पण रेटून बोल! "टेप साफ करायला दिलीय, मावशी," मी म्हणालो. "उद्या मोबाइलमध्येच आणून देतो मैनाला."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शटर अर्धं ओढून बसलो. दाबलेली गाणी सुधारायचं एक सॉफ्टवेअर होतं. ते खालच्या सुरांची नक्कल करून वरचे गेलेले सूर अंदाजाने भरतं. मावशींचा आवाज उजळला, पण मैना काही आली नाही. कॅसेटवरून उतरवलेली, न दाबलेली फाइल मी जागेसाठी तेव्हाच पुसली होती. शेवटी मी मावशींचाच आवाज उचलला, तो चढवला, बारीक केला आणि किंचित उशिराने त्यांच्याच मागे जोडून दिला.

संध्याकाळी मावशी आल्या, फोन कानाला लावला. दोन ओळी ऐकल्या. मग डोळे गळू लागले.

"हीच... हीच माजी बाय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी सुकटीची पिशवी पाठवली. ती माझ्या घशाखाली उतरेना, शेजाऱ्यांना देऊन टाकली.

महिन्याभराने त्यांचा नातू दीपेश रिचार्जला आला. म्हणाला, "आजीचा आवाज गेलाय. आधी बसला, आता साफ बंद. डॉक्टर बोलतात, घशात काहीच नाय." चोराच्या मनात चांदणं. काय व्हायचं ते होवो, सगळं कबूल करायचं ठरवून मी त्याच दुपारी दापोड्याला गेलो.

भर दुपारचं ऊन होतं. मावशींच्या घरामागे कापड विणायच्या लूमची शेड होती, तिचा खडखडाट भिंतीतून येत होता. मावशी खाटेवर बसलेल्या, फोन उशाशी. मला बघून हसल्या, हाताने बस म्हणाल्या.

तेवढ्यात लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत फोनमधलं गाणं ऐकू आलं. मागचा आवाज पुढे आला होता. कोवळा, ठणठणीत. त्याच्या मागे, फार लांबून, मावशींचा आवाज ओढत ओढत येत होता. खोलीत ओल्या हळदीचा वास भरला. त्या घरात लग्न नव्हतं.

तरी मी तोंड उघडलं.

"मावशी... हा आवाज... मैनाचा..."

गाणं ओळीच्या मधेच थांबलं.

"दादा," फोनमधून हळूच आलं, "सांगू नको तिला..."

मावशींनी फोनकडे मायेने बघितलं, मग माझ्याकडे. भुवया उंचावल्या. हातानेच विचारलं... काय? काय सांगायचंय?

मी मान हलवली. "काही नाही, मावशी," म्हणालो. भीती होतीच, पण खरं सांगू? मनातून सुटल्यासारखंही वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते. गाणं पुन्हा सुरू झालं आणि मी चप्पल हातात घेऊनच बाहेर पडलो.

दुकानात येऊन कॉम्प्युटरवरची माझी फाइल उघडली. तिला कोणीच हात लावलेला नव्हता. आकार तोच, तारीखही तीच. पूर्ण नव्वद मिनिटं ऐकली. 'दादा' हा शब्द त्यात कुठेच नाही. आणि मावशींचा आवाजही नाही. मैना एकटीच गाते, आणि प्रत्येक ओळीनंतर जरा थांबते, मागून आई गाईल म्हणून.