निनादच्या दाढेतला धूर

मिरजेच्या दंतवलय प्रयोगशाळेत मल्हार नाडगौडा सकाळी दहाच्या ठोक्याला येऊन बसला होता. अहवाल अकराला मिळणार होता. तो अहवाल त्याच्या स्वतःच्या दाताचा नव्हता. दात निनाद गवसचा होता, आणि त्या दाताची तपासणी व्हावी म्हणून हरकतीचा अर्ज मल्हारने केला होता.

निनाद त्याचा मित्र. आंबोलीच्या मेघवेध केंद्रात दोघांनी अठ्ठावीस वर्षं एका खोलीत काढली होती. ढगांतल्या थेंबांचा आकार मोजायचा, आकडे पुण्याला पाठवायचे, पुन्हा मोजायचं. दोघे २०३६ साली एकाच दिवशी, एकाच पगारावर रुजू झाले आणि निवृत्तही एकाच दिवशी झाले. तरीही निवृत्तीनंतर निनादने वेंगुर्ल्याला समुद्राकडे तोंड केलेलं दुमजली घर बांधलं आणि मल्हार सावंतवाडीत तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला.

वास्तुशांतीला मल्हार गेला होता.  पंगतीत तो घराच्या खिडक्या मोजत बसला. अकरा निघाल्या. परतीच्या वाटेवर केतकी, त्याची बायको, सहज म्हणाली, "किती हवेशीर घर आहे ना निनादचं! आणि नेटकं. माणूसच तसा आहे." त्यावर दोन दिवस मल्हार तिच्याशी बोलला नाही.

घर उभं राहिलं ते निर्धूर निधीतून. नोकरी लागली त्या दिवसापासून सरकार प्रत्येकाच्या नावे या निधीत पैसे टाकी. धूम्रपान न करणाऱ्याला निवृत्तीच्या वेळी त्याचा चौसष्ट लाखांचा वाटा पूर्ण मिळे. दिवसाला दहापर्यंत ओढणाऱ्याला निम्मा मिळे, त्याहून जास्त ओढणाऱ्याला काही नाही. ज्याचा वाटा बुडे, त्याची रक्कम त्याच केंद्रातल्या दुसऱ्या सभासदाकडे जाई. आंबोलीला सभासद दोनच. मल्हारने दिवसाला पाच असं लिहून दिलं होतं. म्हणून त्याला बत्तीस लाख मिळाले आणि उरलेले बत्तीस निनादकडे गेले.

हे मल्हारला सहन होत नव्हतं. आपली राख झाली ती झाली, पण तिच्यावर दुसऱ्याने मजला चढवावा?

मग एके दिवशी त्याला आठवलं. निनादचे वडील गेले तेव्हा तेराव्यानंतर केंद्रावर आलेल्या निनादने मल्हारच्या पाकिटातून एक सिगारेट मागून घेतली होती. दोन झुरके मारून खोकत विझवली होती. म्हणजे ओढली होती! आणि एकदा ओढली तर आणखी कितीदा चोरून ओढली असेल, कुणाला ठाऊक?

"निनादने तुझं काय वाकडं केलंय?" अर्ज बघून केतकीने विचारलं होतं.

"खोटं सांगून पैसे घेतले असतील तर?"

"आणि तू पाच लिहिलेस ते?"

मल्हारने अर्ज तिच्या हातातून ओढून घेतला होता.

साडेदहाला डॉ. शबनम मुजावर बाहेर आल्या. पस्तिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या.

"अजून थोडा वेळ लागेल, नाडगौडा काका. यंत्र शेवटचे थर वाचतंय."

"दातावरून इतकं नक्की कळतं?"

"दाताच्या मुळावर एक पातळ कवच असतं. झाडाच्या खोडात जशी वर्षागणिक कडी वाढतात, तसा या कवचावर दर वर्षी एक थर चढतो. त्या वर्षी रक्तात जे होतं, त्याचा अंश थरात अडकतो आणि मरेपर्यंत तिथेच राहतो. तंबाखूचा धूरही. आम्ही मुळाचा सुईएवढा तुकडा काढतो. पूर्वी फक्त वर्ष कळायचं, आता महिनाही कळतो. तुम्ही ओढायचात ना?"

"चार वर्षांपूर्वी सोडली," मल्हार म्हणाला. मग त्याने विचारलं, "माझा एक मित्र आहे. दिवसाला अठरा ओढायचा. अठ्ठावीस वर्षं. त्याचे किती गेले असतील हो?"

डॉक्टरांनी भिंतीवरच्या पाटीवर बोटाने आकडे मांडले. "सरासरी चाळीस रुपयांची एक धरू. वर्षाला दोन लाख त्रेसष्ट हजार. अठ्ठावीस वर्षांचे त्र्याहत्तर लाख. लोक इथेच थांबतात. पण हे पैसे दर वर्षी सात टक्क्यांनी गुंतवले असते तर आज झाले असते..." त्यांनी आकडा लिहिला. "दोन कोटी बारा लाख. यात विम्याचा जादा हप्ता धरलेला नाही. निधीचा बुडालेला वाटाही नाही."

मल्हार त्या आकड्याकडे बघत राहिला. निनादसारखी दोन घरं झाली असती. पश्चात्ताप व्हायला हवा होता, पण मनात आला तो निनाद, अकरा खिडक्यांपैकी एका खिडकीत चहा पीत बसलेला.

अकरा वाजता डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. त्यांचा आवाज बदललेला होता.

"तुमची हरकत खरी ठरली. निनाद गवस यांच्या दाढेत धूर आहे. एका वर्षाचा नाही, सत्तावीस वर्षांचा. सरासरी दिवसाला दोन सिगारेटींइतका."

मल्हारच्या छातीत आनंदाची अशी उसळी आली की त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. सत्तावीस वर्षं! तो साधा, नेटका, सगळ्यांचा लाडका निनाद! हे केतकीला कधी एकदा सांगतो असं त्याला झालं.

"म्हणजे त्याचा वाटा...?"

"निम्मा नाही, पूर्णच जाईल. काहीच ओढत नाही असं त्यांनी लिहून दिलं होतं, म्हणजे खोटं लिहून दिलं असं धरलं जाईल. त्यांच्याकडचे शहाण्णव लाख परत घेतले जातील आणि केंद्रातले दुसरे सभासद म्हणून तुमच्याकडे येतील." डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पण मला एक गोष्ट खटकतेय. हा आलेख बघा."

पडद्यावर एक वाकडीतिकडी रेघ उमटली.

"ओढणाऱ्या माणसाची रेघ हळूहळू चढते. सवय वाढत जाते तशी. ही तशी नाही. इथे, २०४३च्या एप्रिलमध्ये, ती एकदम दीडपट होते आणि पुढे दोन खंड सोडले तर कधी खाली येत नाही. एका रात्रीत कुणाची सवय दीडपट होत नाही. २०४७ला पाच महिने जवळजवळ शून्य. आणि २०५०-५१चे चौदा महिने तर दात अगदी स्वच्छ. ते तेव्हा कुठे होते, तुम्हाला माहीत असेल?"

"लेहला," मल्हार यंत्रासारखा म्हणाला. "प्रतिनियुक्तीवर."

"एकटे?"

"एकटाच. मी आंबोलीलाच होतो."

बोलता बोलता त्याला दुसरंच काही आठवलं. २०४७ साली, केतकी माहेरी निघून गेली तेव्हा, त्याने पाच महिने सिगारेट सोडली होती. निनादने नव्हे, त्याने. आणि २०४३च्या एप्रिलमध्ये ईराचा जन्म झाला होता. त्याच्या मुलीचा.

तो दिवस त्याच्यासमोर लख्ख उभा राहिला. बाहेर धुकं दाटलेलं, वारा सुटलेला, उपकरणांना ओल लागू नये म्हणून खिडक्या बंद. तो केंद्रावर पेढे घेऊन आला होता आणि म्हणाला होता, "घरात आता बंद रे. केतकीने शपथ घातलीय, बाळ आहे." आणि निनाद पेढा खात म्हणाला होता, "मग काय, घरच्याही इथेच ओढ."

त्या दिवसापासून घरच्या सहाही सिगारेटी तो केंद्रावर ओढू लागला. ईराच्या अंगावर जाणारा धूर बंद झाला. तो धूर कुठे गेला, हा प्रश्न त्याला पंचवीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

"काका?"

"ही रेघ माझी आहे," मल्हार म्हणाला.

डॉक्टरांनी मान डोलावली. "मला तोच संशय होता. दात फक्त धूर वाचतो, सिगारेट कुणाच्या बोटांत होती ते त्याला कळत नाही. नियमात याची सोय आहे. धूर दुसऱ्याचा होता हे त्या दुसऱ्याच्या दातावरून सिद्ध झालं तर निनादरावांचा वाटा सुटतो. दोन्ही रेघांतल्या खुणा जुळाव्या लागतात. पण तुमचा दात मागायचा अधिकार मला नाही. तो तुम्ही आपणहून द्यायचा."

"आणि नाही दिला तर?"

"तर आजचा अहवाल कायम."

शहाण्णव लाख. शिवाय स्वतःचे बत्तीस. मल्हारला आणखीही एक हिशेब चटकन उमगला. त्याने पाच लिहिले होते. दात अठरा म्हणणार होता. दात दिला तर त्याचे बत्तीसही जाणार होते आणि नियमाप्रमाणे ते कुणाकडे जाणार, हे त्याच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

तो उठून खिडकीशी गेला. समोरच्या इस्पितळाच्या दारात रिक्षा येत-जात होत्या. त्याला वाटलं, निनादने तेव्हाच सांगायला हवं होतं. मग वाटलं, आताही हा माणूस चांगलाच ठरतोय, यातही तोच वरचढ. याचा मला एवढा राग का येतो? राग खराखुरा होता. पण त्या रागाच्या खाली पडद्यावरची ती रेघ होती, एप्रिलमध्ये उडी घेतलेली, आणि ती उडी निनादच्या दाढेत नसती तर ईराच्या दातांत असती.

"कोणता दात लागतो?" त्याने विचारलं.

"मागची कुठलीही दाढ चालेल."

तो खुर्चीत बसला आणि त्याने तोंड उघडलं.

२०४७चा पाच महिन्यांचा खळगा दोन्ही रेघांत तंतोतंत जुळला; एप्रिलची उडी आणि लेहचे महिने मल्हारच्या जबाबाने जुळले. फक्त एक रेघ उंच होती आणि दुसरी तिच्या नवव्या हिश्श्याएवढी. दीड महिन्याने निकाल आला. निनादचा वाटा कायम झाला. खोटा आकडा लिहून दिल्याबद्दल मल्हारचे बत्तीस लाख परत घेण्यात आले आणि नियमानुसार निनाद गवसच्या नावे जमा झाले.

केतकीने निकाल वाचला, घडी करून ठेवला आणि म्हणाली, "ईराला मी सांगितलंय सगळं. भाड्याचं काय ते बघू." मग आत जाता जाता म्हणाली, "दात दिलास ते बरं केलंस."

त्याच आठवड्यात निनाद आला. मल्हार त्याला आणायला खाली फाटकापर्यंत गेला. काय बोलायचं ते त्याने तीनदा मनात घोळवलं होतं, पण निनाद समोर आल्यावर तोंडून भलतंच निघालं.

"मला सांगितलं का नाहीस तेव्हा? बाहेर जाऊन ओढ म्हणून?"

निनाद हसला. "तू ओढत असलास की बोलायचास, मल्हार. आईबद्दल, ईराबद्दल, पुण्याच्या साहेबाबद्दल. एरवी दिवसभर आकड्यांशिवाय तोंड उघडायचा नाहीस. खिडक्या बंद, बाहेर धुकं. मी काय ढगांशी बोलायचं?"

"मी तुझ्यावर हरकत घेतली होती."

"माहीत आहे. नोटीस मलाच आली होती." निनादने खिशातून धनादेश काढला. "हे तुझे बत्तीस."

"नको."

"घे रे."

"नको म्हटलं ना." मल्हारचा आवाज चढला. स्वतःच्याच पैशांचं दान निनादच्या हातून घ्यायची कल्पना त्याला झोंबली. मग जरा नरमून तो म्हणाला, "वर चल. केतकीने घावणे केलेत."

दोघे जिना चढू लागले. मल्हार बोलत पुढे चालला होता. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की मागून उत्तर येत नाहीये. त्याने वळून पाहिलं.

निनाद पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभा होता. त्याचे ओठ निळसर दिसत होते आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मल्हार धावत खाली आला. त्याला स्वतःला साधी धापही लागली नव्हती.

निनादने हाताने थांबायची खूण केली. बराच वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. मग मल्हारकडे, त्याच्या शांतपणे वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत हळूच म्हणाला,

"अठ्ठावीस वर्षं ओढून तुला काही नाही बघ. हेवा वाटतो, लेका, तुझा."