तिसरी टकटक

अरे ए शहाण्या, खिडकीतून हात घालून किल्ली काय फिरवतोस? आधी दार उघड. गॅरेजचं दार पूर्ण वर घे, मग गाडीला हात लाव. म्हणे थंडी वाजते, इंजिन जरा गरम करून ठेवतो! दार लावून इंजिन चालू ठेवलं की माणूस मरतो, आणि मरताना त्याला पत्ताही लागत नाही. झोप आल्यासारखं वाटतं म्हणे. काढ ती किल्ली. बस इथे पायरीवर. तुमच्या काकूची बस उशिराने येतेय, आत्ताच फोन आला होता तिचा. तोवर ऐका. तुम्ही दोघंही या रे, आणि ते मोबाइल खिशात टाका.

भूत असतं का, ते मला विचारू नका. मी जन्मभर रात्रीची बस चालवली. फुकट्या प्रवाशांपलीकडे काही दिसलं नाही मला. पण ही गोष्ट माझ्या मित्राची आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिथे होतो. म्हणून सांगतो.

मित्र मेकॅनिक होता. सगळे त्याला कानसेन म्हणायचे. का, तर गाडीत काय बिघडलंय ते तो कानाने सांगायचा. लांब डिस्मिस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचा, टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "पुढून दुसरा टॅपेट." उघडून पाहिलं की तोच निघायचा. वर कधी बढाई नाही. मी मारायचो त्याच्या वतीने.

पण नुसत्या कानाने काम होत नाही बरं का. एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सीटवर बसून इंजिनचा जोर सांभाळायचा, असं ते दोघांचं काम. आणि दुसरं माणूस म्हणजे वहिनी. त्याची बायको. घर गॅरेजच्या मागेच, एक दार मधे. कणकेचा हात पुसून यायची आणि बसायची सीटवर. इंजिनच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून त्यांची खूण ठरलेली. कानसेन गाडीखालून पान्याने लोखंडावर ठोकायचा. एक टकटक म्हणजे वाढव. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे झालं, बंद कर, ये बाहेर. आणि वहिनीचा पाय असा, की एकदा अॅक्सिलरेटरवर धरला की काटा तसूभर हलायचा नाही. मी बस ड्रायव्हर, पण मला नाही जमायचं ते.

भांडणंही व्हायची की! वहिनी होती एवढीशी. आणि कानसेन हा असा बांबू. त्यांची स्वतःची जुनी गाडी होती, तिची सीट वहिनी पार पुढे ओढून घ्यायची, नाहीतर पाय पोचायचा नाही. मग हा घाईघाईने बसायला जायचा आणि गुडघा धाडकन स्टिअरिंगवर. "अगं, उतरताना सीट मागे घे म्हणून किती वेळा सांगायचं!" आतून उत्तर यायचं, "अहो, बसण्याआधी बघावं माणसाने!" रोजचं होतं हे. आम्ही शेजारी हसायचो.

वहिनी गेली. आजारपण काही नाही, सकाळी उठलीच नाही. त्यानंतर कानसेन सगळ्यांशी नीट बोलायचा, चहा विचारायचा, पण घरात गेला की दिवा लावायचा नाही. मी समोरून बघायचो ना. अंधारातच बसलेला असायचा.

कित्येक दिवस त्याने ती सीट तशीच ठेवली होती, पुढे. मग एकदा लेकीकडे जायची वेळ आली आणि त्याने ती मागे सारली. तो मला म्हणाला होता, "सीट मागे घेतली ना, त्याच दिवशी आवाज सुरू झाला." गाडीचा आवाज. ठक, ठक, ठक. बारीक, पण जिव्हारी लागणारा. सावकाश चालवली तर नाही, जोरात दामटली तरी नाही. मधे कुठेतरी, नेमका एका वेगाला. सगळे म्हणाले बेअरिंग गेलं, इंजिन संपलं, दे भंगारात. कानसेनला ते पटेना. पण त्याला सापडेनाही. आवाज ऐकायचा तर इंजिन त्या एकाच जोरावर धरून ठेवायला हवं, आणि हा एकटा. अॅक्सिलरेटरवर वीट ठेवायचा. वीट कुठे ऐकते? एकदा जास्त दाबते, एकदा सरकते. त्यात ओलीने सीटचे रूळ गंजून जाम झाले, ती मागेच अडकली.

मी म्हटलं, "अरे, मी बसतो की."

म्हणाला, "नको. त्या सीटवर नको."

जानेवारीतला शेवटचा रविवार. त्याचा एक जादा जॅक परत द्यायला मी दिवेलागणीला गेलो. तर गाडी पुढून उचलून ठोकळ्यांवर ठेवलेली. मी विचारलं काय रे, तर म्हणाला, "सकाळी भंगारवाला येतोय. आज रात्री आवाज सापडला तर गाडी राहील. नाही सापडला, तर माझा कान गेला म्हणायचं. मग गाडी जाईल, हे शटर खाली ओढीन आणि लेकीकडे जाऊन कोपऱ्यात बसेन."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"उगाच नाही," तो म्हणाला. "तिच्या हाताची... तिच्या पायाची एवढीच वस्तू राहिलीय माझ्याकडे."

मी जॅक जागेवर ठेवला. घरी आलो. पुढचं त्याने मला सांगितलं ते.

जेवला नाही. गल्ली निजली तेव्हा कामाला लागला. गार वारा आत येत होता, आणि इंजिनच्या आवाजाने शेजाऱ्यांची झोपमोड नको, म्हणून त्याने शटर खाली ओढलं. पार जमिनीपर्यंत. वहिनी असती तर ओढू दिलं नसतं. तिचा तो नियमच होता, इंजिन चालू तर शटर वर. पण सांगायला कोण होतं?

वीट ठेवली. दिवा घेऊन गाडीखाली शिरला. डिस्मिस लावला. इंजिन एकदम ओरडलं, मग वीट घसरली. ड्रायव्हरकडचं दार उघडंच होतं, तिथून ती धप्पकन खाली फरशीवर येऊन पडली. इंजिन पुन्हा मंद झालं. बाहेर यायचं, वीट ठेवायची, पुन्हा आत शिरायचं. असं किती वेळा केलं असेल कोण जाणे. शेवटी दमला. पाठीवर तसाच पडून राहिला. वीट त्याला तिथूनच दिसत होती, फरशीवर.

आणि सवयीने... म्हणजे हाताला सवय असते ना, डोकं विचारत नाही... त्याने पान्याने लोखंडावर ठोकलं. एकदा.

इंजिनचा जोर वाढला.

त्याने वीट बघितली. वीट फरशीवरच.

जोर वाढत वाढत त्या एका जागी आला. आणि तिथे थांबला. हलला नाही. जराही नाही.

ठक. ठक. ठक.

कानसेनने मान वळवली नाही. तो मला म्हणाला, "मी वर बघितलं असतं तर... ती जागा रिकामी दिसली असती. मला ते नको होतं." त्याने डिस्मिस कानाला लावला. इंजिनच्या तळाशी टेकवला. नाही. पुढे. नाही. बाजूला पेट्रोल ओढणारा छोटा पंप असतो, त्याच्यावर टेकवला.

तिथेच होता आवाज. बेअरिंग नव्हे, काही नव्हे. त्या पंपाची दांडी सैल होऊन वाजत होती. इंजिन उघडायची गरजच नव्हती! आता बोला!

त्याने दोनदा ठोकलं. जोर खाली आला. अलगद. तिच्यासारखा.

काम झालं होतं. आता तिसरी खूण. तीन वेळा ठोकायचं, म्हणजे झालं, बंद कर, ये बाहेर.

त्याने ठोकलं नाही.

कारण तीन वेळा ठोकलं की ती उठून जाणार.

त्याने एकदा ठोकलं. वाढव. दोनदा ठोकलं. सोड. पुन्हा एकदा. पुन्हा दोनदा. गाडीखाली पडल्या पडल्या. डोकं जड झालं होतं. दिव्याभोवती धूर दिसत होता. छाती दाटली होती. त्याला कळत होतं रे, मेकॅनिक होता तो! शटर बंद आहे, इंजिन चालू आहे, हे त्याला कळत होतं. तरी तो ठोकत राहिला. मला म्हणाला, "इतक्या दिवसांनी कुणीतरी माझं ऐकत होतं."

एकदा. वाढव.

दोनदा. सोड.

मग हात उचलेना. पाना हातातून सुटला. डोळे मिटायला लागले...

"अगं," तो म्हणाला. एवढंच. "अगं..."

वर सीटची स्प्रिंग करकरली.

आणि इंजिन बंद झालं.

ठोकलं नव्हतं त्याने. तिसरी खूण दिलीच नव्हती. किल्ली फिरल्याचा आवाज त्याने ऐकला. खट्. मग काहीच नाही. असली शांतता, की स्वतःचा खोकला ऐकूनच तो दचकला. कसाबसा सरपटत शटरपर्यंत गेला, ते वर ढकललं आणि बाहेर गटाराजवळ पडला. पहाटे मी दार उघडलं तर हा तिथे, थंडीत, लहान मुलासारखा हमसून हमसून रडतोय. उचलून घरी आणला. पाणी पाजलं. तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं.

काय म्हणालास? धुराने भास झाला असेल? पेट्रोल संपलं असेल? शाब्बास. मीही अगदी तेच म्हणालो त्याला. बराच वेळ समजावत होतो. तोही हो हो म्हणत होता.

उजाडल्यावर भंगारवाला आला. कानसेन म्हणाला, "गाडी जात नाही. आवाज सापडलाय." भंगारवाला चिडला, चिडणारच. म्हणाला, "असं कसं, मी सकाळीच एवढ्या लांबून आलोय, निदान चालू करून तर दाखवा." आणि तरातरा जाऊन स्वतःच आत बसायला गेला.

धाडकन गुडघा आपटला त्याचा. स्टिअरिंगवर.

"आई गं! ही सीट इतकी पुढे कुणी ओढलीय?"

आम्ही दोघं बघत राहिलो. गंजून मागे अडकलेली सीट... पार पुढे. भंगारवाल्याने ओढून पाहिली. मी हातोडा घेतला, रुळावर घाव घातले. तसूभर हलली नाही.

कानसेन पुढे आला. सीटच्या पाठीवर हात ठेवला. मग अगदी हळू, आमच्यासाठी नव्हे, म्हणाला, "किती वेळा सांगायचं..."

त्यानंतर शटर उघडं ठेवूनच काम केलं त्याने, शेवटपर्यंत. आणि घरात दिवा लावायला लागला. मागच्या वर्षी गेला तो. जाण्याआधी गाडीची किल्ली मला देऊन गेला, म्हणाला, तू बुटका आहेस, तुला जमेल.

चला, उठा. काकूची बस येईल आता. दार पूर्ण वर घेतलंस ना? घे किल्ली. ...अरे, सांभाळून बस, तू उंच आहेस.

काय रे? लागला ना गुडघा?

...ओढू नकोस. मागे जात नाही ती.