फर्नांडिसांचे चार सेकंद

शुक्रवारपर्यंत तेजल वाघचौरेला अर्जावरच्या तीन चौकोनांपैकी एकात खूण करायची होती: वायुदल, नौदल किंवा तटरक्षक दल. एकदा केलेली खूण जन्मभरासाठी असे.

पूर्वी वैमानिक घडायला वर्षं लागत. आता वीस दिवस पुरत. निष्णात वैमानिकाच्या लहान मेंदूत, म्हणजे शरीराच्या सवयी सांभाळणाऱ्या भागात, सरावाने मज्जातंतूंच्या जोडण्यांची एक नक्षी तयार होते. ती टिपायची आणि चुंबकीय स्पंदनांनी नव्या उमेदवाराच्या मेंदूत उमटवायची. याला हस्तसंस्कार म्हणत. मात्र तो एकदाच करता येई. एका नक्षीवर दुसरी पडली की हात कायमचे थरथरू लागत.

म्हणून निवडीआधी उमेदवाराला प्रत्येक दलाचा 'कच्चा संस्कार' देत. तो दोन दिवसांत पुसला जाई.

तेजल सगळ्या चाचण्यांत पहिली आली होती. वायुदलाच्या कच्च्या संस्कारानंतर तिने सिम्युलेटरमध्ये लढाऊ विमान असं फिरवलं की प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. नौदलाचं विमान तिने हलत्या जहाजावर अलगद उतरवलं. तटरक्षक दलाचं बचाव हेलिकॉप्टर तिने वादळी समुद्रावर जागच्या जागी खिळवून ठेवलं. मग प्रशिक्षक म्हणाले, "इंधन संपत आलंय. मागे फिर."

तिने फिरायचं ठरवलं, पण हात हललाच नाही. चार सेकंदांनी तो आपला आपण वळला.

"हे काय होतं?" तिने डॉ. वासंती केणींना विचारलं. हस्तसंस्काराची पद्धत त्यांनीच बसवली होती.

"हा संस्कार कमांडंट ऑगस्टिन फर्नांडिस यांचा आहे. वादळात हेलिकॉप्टर असं स्थिर धरणारा दुसरा हात आमच्याकडे नाही. पण मागे फिरताना तो चार सेकंद अडतो."

"मग तेवढंच काढून टाका ना."

"आठ वर्षं तेच करून पाहतेय. कापडातून एक धागा ओढला की सगळी वीण सुटते. त्यांचं कसब आणि हे अडणं एकाच विणीत आहे."

तेजलचे वडील शिवराम जिंतूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. ते तिला भेटायला पुण्याच्या प्रशिक्षण संस्थेत आले होते. "वायुदलावर खूण कर आणि मोकळी हो," ते म्हणाले. "एवढा सरळ रस्ता सोडून तू कुठं निघालीस, बाई?"

"आबा, ते विमान मस्तच चालतं. पण हेलिकॉप्टरमधून मी खाली बघत होते ना, तेव्हा मला पाण्यात माणूस दिसत होता. त्याला सोडून दुसरीकडे लक्षच जाईना."

दोघं फर्नांडिसांना भेटायला वेंगुर्ल्याला गेली. फर्नांडिस माडांत जाळं वाळत घालत होते. निवृत्तीनंतर त्यांनी लहानशी होडी घेतली होती. तेजलने आपली अडचण सांगितली. ते जाळ्याचा गुंता सोडवू लागले.

"एक माणूस राहिला होता पाण्यात," ते म्हणाले. "इंधन नव्हतं. मी फिरलो. परत आलो तेव्हा तो नव्हता." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "माझा हात घेऊ नकोस, पोरी. वादळात चार सेकंद म्हणजे फार होतात. माझं ओझं तुझ्या माथी कशाला?"

परतीच्या गाडीत तेजलला वाटलं, आबा आता नाहीच म्हणतील.

"आमच्या डेपोत एक जुनी गाडी होती," घाट लागल्यावर शिवराम म्हणाले. "ब्रेक जरा उशिरा लागायचा. पण चालवणाऱ्याला ते ठाऊक होतं. तो आधीच पाय ठेवायचा. अकरा वर्षं चालली, एक ओरखडा नाही. खोट असलेली गाडी मारत नाही गं. खोट ठाऊक नसली की मारते."

शुक्रवारी तेजलने तिसऱ्या चौकोनात खूण केली.

रुजू झाल्यावर तिने आपल्या सहवैमानिकाला, कुलदीप राणेला, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "मागे फिरायची वेळ झाली की मला चार सेकंद आधी सांगायचं. लाजायचं नाही."

दोन वर्षांनी, ऑगस्टमधल्या एका दुपारी, हर्णै बंदरासमोर मच्छीमारांची बोट उलटली. पाण्यात सहा जण होते. तेजलच्या हातांनी हेलिकॉप्टर लाटांवर धरून ठेवलं आणि दोराने एकेक करून पाच माणसं वर आली. सहावा लाटांआड जाऊन पुन्हा दिसला. त्याने हात वर केला होता.

"इंधन संपत आलंय. फिरा, मॅडम," कुलदीप म्हणाला.

एक, दोन, तीन, चार. हात वळला. वळताना तिने त्याच्याजवळ बचावाचा तराफा खाली सोडला. तळावर पाच जणांना उतरवलं, इंधन भरलं आणि ती पुन्हा निघाली. पन्नास मिनिटांनी तो तराफा सापडला. त्याच्या कडेला तो माणूस दोन्ही हातांनी गच्च धरून होता, जिवंत.

पुढच्या महिन्यात पुण्यात तिची नेहमीची तपासणी झाली. डॉ. केणींनी आलेख तीनदा पाहिला.

"अडणं गेलंय, तेजल. पूर्ण गेलंय. कसब जसंच्या तसं आहे. मला दहा वर्षांत जमलं नाही ते त्या एका फेरीने केलं. मागे फिरणं म्हणजे सोडून जाणं नव्हे, हे हाताला कळलं असावं." त्यांनी आलेख मिटला. "फर्नांडिसांची नक्षी आता बाद करू. पुढच्या सगळ्यांना तुझाच हात देऊ. वीण तीच आहे, म्हणून आधीच्यांच्या नक्षीवरही तो बसवता येईल, हात थरथरणार नाहीत."

तेजलने बाहेर येऊन आधी आबांना फोन केला, मग वेंगुर्ल्याला. "सर, ते चार सेकंद गेले," ती म्हणाली. "आता ते कुणाच्याच वाट्याला येणार नाहीत."

तिला वाटलं होतं, ते सुटल्यासारखे हसतील. ते हसले नाहीत.

"चांगलं झालं," फर्नांडिस म्हणाले. "फार चांगलं झालं, पोरी." मग म्हणाले, "तुम्ही एकोणीस जण माझे हात घेऊन उडत होता. एकोणीस जण पाण्यातल्या त्या माणसापाशी चार सेकंद थांबत होता, त्याला न ओळखता. आता त्याच्यापाशी थांबणारा मी एकटाच राहिलो."

संस्थेच्या आवारात नवे उमेदवार अर्ज हातात घेऊन उभे होते. तेजल पायरीवर बसली.

"सर, त्याचं नाव काय होतं?"

"हरिश्चंद्र. हरिश्चंद्र कुबल."

"कुठले? घरी कोण होतं त्यांच्या?"

"सगळं सांगायला वेळ लागेल."

"लागू दे," तेजल म्हणाली. "मी ऐकतेय."