बारा दिवसांचं तिकीट

ठिणगी त्या सोमवारी संध्याकाळी कॉम्प्युटरला झापत होती.

"काल मी तुला स्वतःच्या हातानं 'झालं'मध्ये ठेवलं होतं. आज परत 'चालू'मध्ये? पाय फुटले का तुला?"

"खुर्ची कुठे ठेवू?" दारातून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं, तर आवाजाला तोंड नव्हतं. चाकाची खुर्ची उलटी करून कुणीतरी डोक्यावर घेतली होती. वर पाच चाकं, खाली इस्त्रीचा शर्ट आणि मध्ये खुर्ची.

"ठेवा कुठेही. पण कधी मिळेल ते विचारू नका, आमच्या बोर्डाला वेड लागलंय."

खुर्ची खाली आली. त्यामागून एक चेहरा निघाला. केस विस्कटलेले, चष्मा एका कानावरून सुटलेला... चेहरा मात्र बरा होता. बरा म्हणजे, एकदा बघून झालं तरी आणखी एकदा बघावासा वाटेल इतका.

हे वर्कशॉप जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवा फोम आणि नवं कापड घालून द्यायचं. बाबा खिळे ठोकायचे, आत्या मशीनवर खोळी शिवायची आणि ठिणगी फोन घ्यायची. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. तिसऱ्या वर्षी तिनं पाहुण्याच्या हाताला चावा घेतला, तेव्हापासून ती ठिणगीच. आता अठ्ठावीस वर्षांची झाली तरी तीच.

बाबांची कामं भिंतीवरच्या पाटीवर खडूनं लिहिलेली असायची. येता-जाता कुणाच्या तरी खांद्यानं ती पुसली जायची. ठिणगी वर्षभर मागे लागली, तेव्हा कुठे बाबा म्हणाले, "महिनाभर तुझा ऑनलाइन बोर्ड. जमलं तर वर्कशॉपचा कारभार तुझा. नाही जमलं तर पाटी परत, आणि तू परत फोनवर. पुन्हा विषय काढायचा नाही."

अठरा दिवस झाले होते. बोर्डावर तीन रकाने होते, 'आलं', 'चालू' आणि 'झालं'. प्रत्येक कामाचं एक कार्ड, ते बोटानं एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचं. सोपं होतं. फक्त रोज सकाळी 'झालं'मधली चार-पाच कार्डं आपोआप उठून 'चालू'मध्ये जाऊन बसायची.

"कंपनीला कळवलंत का?" पाहुण्यानं विचारलं.

"तीनदा. तिथे कुणीतरी मठ्ठ माणूस बसलाय. दर वेळी तेच लिहितो. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.' मला तर वाटतं तो माणूस नाहीच, रबरी शिक्का आहे."

पाहुण्यानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"शिक्का नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे... मठ्ठ आहे. पण माणूस आहे. मीच आहे तो."

आत्याचं मशीन थांबलं.

"दोन चौक सोडून आमचं ऑफिस आहे. ही खुर्ची तिथलीच. यावर बसूनच तुम्हाला तीन उत्तरं लिहिली."

"मग खुर्चीचाच दोष असेल," ठिणगी म्हणाली. कान मात्र लाल झाले होते.

"दिवसाला साठ तक्रारी येतात, मॅडम. वाचून होत नाहीत. पण आता समोरासमोर झापून घेतलंय, तर तुमचं तिकीट मी स्वतः बघतो."

"तिकीट?"

"तक्रारीला आम्ही तिकीट म्हणतो. बिघाड सापडला की बंद करायचं."

त्याच क्षणी आत्यानं त्याचं बारसं केलं, तिकीटवाला.

मंगळवारी साडेपाचला ऑफिस सुटल्यावर तो आला. बुधवारी आला. गुरुवारी त्याची खुर्ची तयार झाली, ती घेऊन गेला आणि शुक्रवारी खुर्ची नसतानाही पुन्हा आला. रोज तिच्या शेजारी स्टूल ओढून बसायचा आणि काहीतरी तपासायचा. एकदा आपोआप चालणारे नियम तपासले, एकदा सूचना. एकदा पासवर्ड बदलायला लावला आणि ती टाइप करताना इतक्या सभ्यपणे छताकडे बघत राहिला, की त्याची मान अवघडली.

"कामाला मुदत लावून ठेवा," त्यानं शिकवलं. "एक दिवस आधी बोर्ड आठवण करून देतो."

"माणसाला लावता येते का?"

"काय?"

"मुदत."

"कशासाठी?"

"सहज विचारलं..."

मग ती त्याला शिकवायची. फोमचे दोन तुकडे पुढ्यात टाकायची. "दाबा. आता हात काढा. हा बघा, लगेच वर आला, हा चांगला. याच्यात खड्डा राहिला, हा घ्यायचा नाही."

"खड्डा पडला की काय करायचं?"

"कुणाला पडला त्यावर आहे."

मशीनमागून आत्या म्हणाली, "हा रोज नेमकं काय दुरुस्त करतो गं? माझं मशीन इतके दिवस बिघडलेलं राहिलं असतं, तर मी त्याला भंगारात दिलं असतं."

"ऑनलाइनचं वेगळं असतं, आत्या."

"हो का. माझ्या वेळी ऑनलाइन नव्हतं, पण हे होतं."

त्या शुक्रवारीच सकाळी खरी गंमत झाली होती. ठिणगी नेहमीपेक्षा तासभर लवकर वर्कशॉपला पोचली, तर बाबा खिळ्यांच्या डब्याला टॅबलेट टेकवून बसलेले. हा टॅबलेट तिनंच कारागिरांना कामं दिसावीत म्हणून स्वतःच्या लॉगिननं सुरू करून भिंतीशी ठेवला होता. बाबा जीभ दाताखाली धरून, खिळा ठोकताना धरतात तशी, एकेक कार्ड 'झालं'मधून 'चालू'मध्ये ओढत होते.

"बाबा... तुम्ही?"

"मग काय करू? ती डॉक्टरांची आरामखुर्ची झाली म्हणे. कुठे झाली?"

"परवाच झाली ना. तुम्हीच शेवटचा खिळा ठोकलात."

"डॉक्टर बसले का तिच्यात?"

"नाही अजून."

"मग झाली कशी? गिऱ्हाईक बसल्याशिवाय, मागे रेलून 'हं' म्हटल्याशिवाय आपलं काम झालं असं मी चाळीस वर्षांत म्हटलं नाही. तुझा बोर्ड खोटं बोलतो. मी रोज सकाळी त्याला खरं बोलायला लावतो."

ठिणगी जमिनीवर बसून हसली. वीस-बावीस दिवस ज्याला शिव्या घातल्या, ते भूत बनियनमध्ये समोर बसलं होतं.

"कार्डांना तुम्ही हात लावू नका. मी बघते काय करायचं ते," तिनं सांगितलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं. बिघाड सापडला म्हणजे तिकीट बंद. तिकीट बंद म्हणजे साडेपाचला स्टूल रिकामं.

संध्याकाळी सांगायचं ठरवलं. संध्याकाळी तो येताना तिच्या कॉम्प्युटरसाठी नवा माउस घेऊन आला, जुना अडकतो म्हणून. आता अशा माणसाला कसं सांगणार?

शनिवारी सगळी कार्डं जागेवर होती. तिकीटवाल्यानं पडद्याकडे पाहिलं. चेहरा जरा उतरला की तिला तसं वाटलं, देव जाणे.

"आज तर सगळं नीट आहे. बंद करू तिकीट?"

"इतकी घाई नको," ठिणगी म्हणाली. "एका दिवसाचं काय खरं. सोमवारी बघू."

"हो, बरोबर. घाई नको," तो लगेच म्हणाला.

सोमवारी सकाळी सहा चाळीसला, पांघरुणातून एक हात बाहेर आला. त्यात फोन होता. त्या हाताच्या बोटानं एक स्टूल आणि एक पाट, ज्यांची कुणालाच घाई नव्हती, अशी दोन निरुपद्रवी कार्डं 'चालू'मध्ये सरकवली. हात परत आत गेला. पांघरुणाखाली कुणीतरी खुदकन हसलं.

संध्याकाळी ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "बघा. परत तेच."

"अरे बापरे," तिकीटवाला म्हणाला आणि स्टूल ओढून बसला.

मंगळवार, बुधवार असेच गेले. गुरुवारी मात्र बोट चुकलं. अर्धवट झोपेत तिनं दोन भलतीच कार्डं ओढली. ती वाचनालयाची होती, प्रत्येकी तीन खुर्च्यांची. वाचनालयाच्या चाळीस खुर्च्या महिनाअखेरपर्यंत द्यायच्या होत्या, त्यातल्या वीस त्या दिवशी जायच्या होत्या. टेम्पोवाला फोनवर 'झालं'चा रकाना बघून माल भरायचा. त्यानं चौदा भरल्या आणि गेला.

दुपारी ग्रंथपालबाईंचा फोन आला. सहा वाचक उभे होते. त्यात एक आजोबा काठी टेकून पेपर वाचत होते.

बाबांनी फोन खाली ठेवला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चाळीस वर्षांत माझ्या खुर्चीसाठी कुणी उभं राहिलं नाही," ते म्हणाले. "शनिवारी पाटी टांगतो. तू आपली फोन घेत जा."

राहिलेल्या सहा खुर्च्या ठिणगीनं रिक्षातून दोन फेऱ्या मारून स्वतः पोचवल्या. त्या संध्याकाळी तिकीटवाला आला तेव्हा वर्कशॉपात ती नव्हती.

शुक्रवारी तो दारातच उभा राहिला. हातात एक कागद होता.

"साहेबांनी सांगितलंय, हे तिकीट बारा दिवस उघडं आहे, आज बंद झालंच पाहिजे. त्यात कारण लिहावं लागतं. मला... तुम्हाला काही सांगायचंय."

"आधी मी सांगते. नाहीतर धीर राहणार नाही," ठिणगी म्हणाली. "बोर्डात काही बिघाड नाहीये. बाबा करत होते. मागच्या शुक्रवारी मला कळलं. आणि सोमवारपासून..."

"तुम्ही करताय."

तिनं मान वर केली.

त्यानं कागद पुढे केला. "कोणतं कार्ड कधी हललं, कुठल्या यंत्रावरून हललं, ही नोंद आमच्याकडे असते. तिकीट उघडल्यापासून बघा. मंगळवार ते शुक्रवार, सकाळी सात, वर्कशॉपचा टॅबलेट. सोमवार ते गुरुवार, सहा चाळीस, तुमचा फोन."

ठिणगीनं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग हळूहळू तिच्या नावाला शोभेल असा रंग चेहऱ्यावर चढला.

"तुम्ही ही नोंद कधी पाहिलीत?"

"पहिल्या मंगळवारी."

"म्हणजे बिघाड नाही हे तुम्हाला दुसऱ्याच दिवशी..."

"हो."

"आणि तुम्ही माझा पासवर्ड बदलायला लावलात. नियम तपासलेत. माझा महिना पणाला लागला होता, माहीत होतं ना तुम्हाला? आणि तुम्ही इथे बसून फोम दाबत होतात?"

"माहीत होतं. चुकलंच माझं," तो म्हणाला. मान खाली, चष्मा पुन्हा एका कानावरून सुटलेला. "रोज ठरवून यायचो, आज सांगायचं. पण सांगितलं की तिकीट बंद. आणि मग यायला काही निमित्तच..."

मशीन केव्हाचं थांबलेलं होतं.

"चार दिवस तुम्ही," ठिणगी शेवटी म्हणाली, "आणि चार दिवस मी."

"मी हिशोब काढला नव्हता."

"मी काढला. मला जास्त ओरडता येणार नाही." आणि ती हसली, डोळे पुसत हसली. "पण बाबांना सांगावं लागेल. सगळं."

"मी येतो बरोबर."

"नको. ते बोट माझं होतं."

बाबा मागच्या खोलीत पाटी धुवत होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पांघरुणापासून टेम्पोपर्यंत. बाबांनी ऐकून घेतलं, ओली पाटी भिंतीला टेकवली आणि बाहेर येऊन तिकीटवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"बिघाड नव्हता, तर हा बारा दिवस काय दुरुस्त करत होता?"

"मी सांगू का, दादा?" आत्या म्हणाली.

"तू शिव," बाबा म्हणाले.

तिकीटवाला घसा खाकरून पुढे झाला. "बाबा, तुमचं म्हणणं बरोबर होतं. बोर्ड खोटंच बोलत होता. त्यात एक रकाना कमी आहे."

त्यानं स्टूल ओढलं. 'झालं' हे नाव पुसून 'तयार' केलं आणि त्याच्यापुढे चौथा रकाना उघडला. नाव काय देऊ म्हणून तो बाबांकडे बघत राहिला.

"'बसून पाहिलं'," बाबा म्हणाले.

"टेम्पोवाला 'तयार' बघून माल नेईल. गिऱ्हाईक बसलं की कार्ड पुढे. आणि या शेवटच्या रकान्यात कार्ड टाकायची मुभा फक्त तुम्हाला. मी नाही, मॅडम नाहीत."

बाबांनी टॅबलेट मागितला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा नियम त्यांच्याच शब्दांत लिहिला होता. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, "बसलात का? पाठ? हं," आणि आरामखुर्चीचं कार्ड बोटानं सावकाश पुढे सरकवलं.

"महिना उद्या संपतोय," ते ठिणगीला म्हणाले. "उद्या वाचनालयाच्या राहिलेल्या वीस जाऊ देत. सगळ्या पोचल्या तर कारभार तुझा. आणि सकाळी सहा चाळीसला झोपत जा."

शनिवारी दुपारी दोनपर्यंत वीसच्या वीस पोचल्या. बाबा स्वतः गेले होते. प्रत्येक खुर्चीत वाचक बसेपर्यंत ते दाराशी थांबले आणि तिथूनच एकेक कार्ड सरकवत राहिले. वर्कशॉपात ठिणगी पडद्यावर बघत होती, चौथा रकाना भरत होता. शेवटचं कार्ड गेलं तेव्हा ती उठून बाबांच्या हातोडीवरून हात फिरवून आली.

साडेपाचला तिकीटवाला आला.

"शुक्रवारी बंद करायचं होतं ना?" तिनं विचारलं.

"साहेबांकडून एक दिवस मागून घेतला. गिऱ्हाइकाला दाबावं लागतं एक बटण."

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. 'आपली अडचण सुटली का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

ठिणगीचं बोट 'हो'वर गेलं आणि तिथेच थांबलं. मग तिनं दाबलं. तिकीट बंद झालं, पडदा कोरा झाला.

"झालं," तो म्हणाला. स्टूलावरून उठला, स्टूल जागेवर सरकवलं. "आता उद्यापासून... म्हणजे आता काही बिघडलेलं नाही."

"नाही ना."

"मग... काय म्हणून येऊ?"

ठिणगीनं माउस बाजूला ठेवला. "बोर्डासाठी येऊ नकोस. खुर्चीसाठी नको. माझ्याकडे ये."

तो काहीतरी म्हणाला. इतक्या हळू, की त्याचं त्यालाही ऐकू गेलं नसेल. पण तिला गेलं, कारण तिनं मान खाली घातली आणि ओठ घट्ट मिटले. हसू मात्र कडेनं निसटलंच.

मशीन थांबलं.

"काय म्हणाला गं तो?" आत्यानं विचारलं. "मशीनच्या आवाजात काही कळत नाही बाई."

"'हो' म्हणालो, आत्या," तिकीटवाला म्हणाला, यावेळी मागच्या खोलीतही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.