हौश्याचा पाय

चंद्रानं डोक्यावरचा पेंढ्याचा भारा सावरला आणि खड्ड्यात वाकून बघितलं. वडपे गावामागच्या टेकाडावर पुण्याच्या कॉलेजची पोरं खोदकामाला आलीत, हे तिला ठाऊक होतं. पण त्यातला एक गुडघ्यावर बसून बैलाच्या जबड्यावर ब्रश फिरवत असेल, हे काही ठाऊक नव्हतं.

"ओ मास्तर, मेल्यावर दात घासून काय उपेग?"

त्यानं वर बघितलं. नाकाला माती लागलेली, डोळे हसरे.

"दातांवरून वय कळतं. हा म्हातारा होता."

"त्ये आमचा गुराखी पन सांगंल. त्याला कॉलेज कशाला?"

त्याचं नाव केसरीनाथ, अलिबागकडचा. सातवीत मास्तरांसमोर पाटी आपटून चंद्रा जी घरी बसली, तेव्हापासून प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा तिला रागच. पण हा विचारायचा आणि तिचं उत्तर वहीत लिहून घ्यायचा... तिचं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं होतं? दुसऱ्या दिवशी भारा त्याच वाटेनं आला. तिसऱ्या दिवशीही. घरची वाट खरं तर दुसरीकडून जवळ होती.

"गुरं पेंढा किती वेळा खातात?"

"तुमाला भूक लागली का? सोडू भारा?"

पाचव्या दिवशी बैलाचा मागचा पाय उघडा पडला. नळीच्या हाडावर लिंबाएवढी गाठ. शेजारी हिरव्या बांगडीचा तुकडा.

चंद्रानं वाकून ती गाठ नीट बघितली.

"दोन हजार वर्षं," केसरीनाथ हळूच म्हणाला. "वरची खापरं तेवढी जुनी आहेत. उद्या सर येतायत. त्यांना पटलं तर होळीपर्यंत मुक्काम. नाहीतर..."

"न्हायतर काय?"

"उद्याच तंबू उठेल."

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं मातीकडे. होळी — म्हणजे अजून दोन महिने. गप्प राहायला काय जातंय? ती गप्प राहिलीसुद्धा. मग त्याच्या वहीत डोकावली. तिथं लिहिलं होतं : बैल मारून पुरला. बळी दिला असावा.

भारा धाडकन खाली पडला.

"कोन म्हनतो मारला? आमचा हौश्या हाय तो. भाताच्या चिखलणीत पाय मोडला तवा मी बांबूच्या कामट्या बांधून रातदिस त्याच्यापाशी बसले. म्हातारा होऊन मेला, सा वर्सं झाली. बानं हितं पुरला, बांगडी मी टाकली. आयेचा मार खाल्ला त्याच्यापायी. आन तू खुशाल लिवतोस, मारला?"

"पण खापरं..."

"टेकाडाचीच माती वर लोटली ना. खापरं हितं पायलीला पन्नास."

केसरीनाथ त्या गाठीवरून बोट फिरवत राहिला. आता चिडणार, असं तिला वाटलं.

"छान बांधलं होतंस," तो म्हणाला. "हाड सरळ जुळलंय बघ."

शिव्या दिल्या असत्या तर तिनं परत दिल्या असत्या. यावर डोळे मात्र भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून सरांना सगळं सांगितलं. "कुणी ओळखलं?" सरांनी विचारलं, तर त्यानं सरळ चंद्राकडे हात केला. बरोबरची पोरं पोट धरून हसली. सर हसले नाहीत, पण दुपारपर्यंत तंबूच्या खुंट्या निघाल्या.

चंद्रानं घरून घमेलं आणलं आणि दोघांनी मिळून हौश्यावर माती लोटली. हात झटकून केसरीनाथानं वही काढली.

"एक विचारायचं राहिलं. मुलीला मागणी घालायला तुमच्यात कोण येतं?"

"पोराचा मामा."

त्यानं लिहून घेतलं. वर काही बघेना.

"माझा मामा... इथं जवळच, कोन गावात असतो."

पेन्सिल थांबली होती. कान लाल झाले होते त्याचे. चंद्रानं घमेलं उचललं, कमरेवर घेतलं आणि चालायला लागली. चार पावलांवर थांबली.

"सोमवारी नको धाडूस," ती म्हणाली. "सोमवारी बा घरात नसतो."