चार वाजताचं पाणी

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी रुमानाआपाला, माझ्या मोठ्या बहिणीला, कबूल केलं होतं. तरीही लिहून ठेवते आहे. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं आहे. उद्या काय झालेलं असेल ते मला माहीत नाही, म्हणून आजच लिहिलेलं बरं.

गोष्ट आपाची आहे, तेव्हा तिच्यापासूनच सुरू करते.

हडपसरहून सासवडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमची नर्सरी लागते. अब्बांनी, म्हणजे मकबूल शेखांनी, ती वीस वर्षांपूर्वी सुरू केली. रुमाना तिथेच वाढली. चालायला लागली तेव्हापासून तिच्या हाताला माती आहे, असं अम्मी म्हणते. बारावीनंतर दापोलीला बागायतीची पदवी घ्यायची, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

अब्बांचा स्वभाव गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. एकदा एका बाईंनी हायड्रेंजियाच्या कुंडीकडे बोट दाखवून विचारलं, "हे वर्षभर फुलेल ना?"

"वर्षभर फुलणारं बुधवार पेठेत मिळतं," अब्बा म्हणाले. "प्लॅस्टिकचं. ते धुताही येतं."

"आणि गच्चीवर ठेवलं तर चालेल?"

"गच्चीवर बोगनवेल ठेवा. हिला सकाळचं ऊन लागतं, दुपारची सावली लागते आणि पाणी विसरलेलं चालत नाही. ही झाडापेक्षा पाहुणी जास्त आहे."

विकायच्या बाबतीत अब्बा असे रोखठोक. पण दोन नियम त्यांनी आम्हाला लहानपणापासून शिकवले होते. मगरिबनंतर, म्हणजे दिवस मावळल्यावर, झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपलेली असतात. आणि दुसऱ्याच्या झाडाची फांदी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. लोक म्हणतात, चोरून आणलेली फांदी चांगली जगते. अब्बा म्हणायचे, "जगते ना. पण ती मालकाचीच राहते. कितीही वर्षं जाऊ देत."

यंदा जानेवारीत, रुमाना बारावीत असताना, अब्बांनी तिला येरवड्याला पाठवलं. तिथे दुर्गाबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका तळमजल्यावर एकट्या राहत. त्यांच्या चार कुंड्यांची माती बदलायची होती. रुमाना कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, पिशवी घेऊन मागच्या अंगणात गेली आणि जागीच थांबली. भिंतीच्या सावलीत एक हायड्रेंजिया होती. तिच्यावर डोक्याएवढे सहा गुच्छ होते आणि सगळे निळे. दौतीतल्या शाईसारखे निळे.

आमच्याकडे हायड्रेंजिया गुलाबीच फुलते. बोअरच्या पाण्यात क्षार फार. निळी आणली तरी दुसऱ्या बहराला ती गुलाबी होते.

"काय घालता हिला?" रुमानानं विचारलं.

"तुरटी," दुर्गाबाई म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा, पाण्यात विरघळवून. आणि रोज चार वाजता तीन मग पाणी. मोजून. साडेचार झाले की मान टाकते. अगदी माझ्यासारखी, चहा नाही मिळाला की."

"एक फांदी द्याल?"

दुर्गाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "देईन की. पण हातात नाही देणार, पोरी. महिनाभर रोज चारला यायचं आणि तीन मग घालायचे. तीस दिवस भरले की तूच काप. हिला माझ्यामागे कुणीतरी हवं आहे, आणि दिवाणखान्यात ठेवून फोटो काढणारं नको आहे."

"येईन," रुमाना म्हणाली.

कुंड्यांची माती बदलून झाली तशा दुर्गाबाई चहा टाकायला आत गेल्या. गवती चहाचा वास अंगणात आला. रुमानानं मनातल्या मनात हिशेब मांडला. पुढच्या महिन्यात प्रॅक्टिकल, मग बोर्ड, मग सीईटी. हडपसर ते येरवडा, रोज, चार वाजता. तिनं खिशातला छाटणीचा सिकेटर काढला आणि मागच्या बाजूची, दिसणार नाही अशी एक फांदी कापून कोकोपीटच्या रिकाम्या पिशवीत सरकवली. मग बसून चहा प्यायली. "उद्यापासून येते," असंही म्हणाली.

ती गेली नाही. मार्चच्या शेवटी दुर्गाबाई वारल्या. अब्बा भेटायला जाऊन आले आणि म्हणाले, "बाई गेली आणि आठ दिवसांत झाड वाळलं. काडीसुद्धा हिरवी उरली नाही."

रुमाना उठून मागे गेली. शेडनेटच्या हिरव्या जाळीखाली, अगदी टोकाला, नेच्यांच्या कुंड्यांमागे, तिच्या फांदीला तेव्हा चार नवी पानं आली होती. ती फांदी आता जगात एकटीच होती.

मे महिन्यात सीईटीचं सेंटर लांब आलं. परत यायला रुमानाला सहा वाजले. त्या दिवशी उन्हानं शेडनेटखालचे अँथुरियमसुद्धा करपले होते. आपली हायड्रेंजिया गेली, असं समजूनच ती मागे धावली. झाड ताठ उभं होतं. माती ओली होती. कुंडीखालच्या बशीत पाणी साचलं होतं.

तिनं दत्तोबांना विचारलं. दत्तोबा आमच्याकडे पंधरा वर्षं काम करतात.

"म्या कशाला घालतोय?" ते म्हणाले. "तितं झाड हाय हेच आता कळतंय मला."

अम्मीनं घातलं नव्हतं. मी घातलं नव्हतं. अब्बा दिवसभर मार्केट यार्डात होते.

दुसऱ्या दिवशी रुमाना पावणेचारलाच हौदाजवळ जाऊन बसली. आमचा हौद सिमेंटचा आहे. त्याच्या कडेला खिळ्यावर एक पत्र्याचा मग टांगलेला असतो. दत्तोबा आंब्याखाली झोपले होते. रस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज येत होते, अगदी रोजच्यासारखे. चार वाजता ते बंद झाले नाहीत. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असं आपा म्हणते. सगळं चालू असताना, भर उजेडात, हौदातलं पाणी डुचमळलं. मग नेच्यांमागून आवाज आला. हलका, शाळेत हजेरी घेतात तसा.

"एक..."

पाणी मातीत मुरल्याचा आवाज.

"दोन..."

 गवती चहाचा वास आला. आमच्या नर्सरीत गवती चहा नाही.

"तीन."

नंतर तिनं वर पाहिलं. खिळ्यावरचा मग हलत होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

त्यानंतर अडीच महिने रुमाना दुपारी शेडनेटमध्ये गेली नाही. झाडाला पाणी मिळत राहिलं. तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर फांदीचंही सांगावं लागलं असतं. पण ऑगस्टमध्ये अब्बाच नेचे हलवायला गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली.

"रुमाना! हे कुठून आलं?"

झाडाला कळी आली होती. फांदीपासून केलेली हायड्रेंजिया पहिल्या वर्षी सहसा फुलत नाही. ती जुन्या लाकडावर फुलते, आणि या झाडाला जुनं लाकूडच नव्हतं. कळीच्या टोकाला निळी कड होती. तुरटी कुणी घातली नव्हती.

रुमानानं सगळं सांगितलं. मी दाराआड उभी होते, म्हणून मलाही कळलं. अब्बा रागावतील असं वाटलं होतं. ते नुसतेच खाली बसले.

"न विचारता घेतलीस."

"हो, अब्बा."

"मग परत द्यायला हवी. पण कुणाला?"

दोघं येरवड्याला गेले. दुर्गाबाईंचा भाचा, अभय, घर रिकामं करत होता. सगळी हकिगत ऐकून तो कंटाळल्यासारखा हसला. "अहो, न्या की झाड. मी काय करू त्याचं? माझ्याकडे कॅक्टसही जगत नाही." मग काहीतरी आठवून तो थांबला. "तीच मुलगी का तुम्ही? मावशी शेवटचे दोन महिने रोज चारला दार उघडून बसायची. म्हणायची, एक पोरगी यायची आहे पाणी घालायला. मी म्हटलं, येणारी आली असती एव्हाना. तर म्हणाली, परीक्षा असतील तिच्या."

भिंतीवर कॅलेंडर होतं. जानेवारीच्या वीस तारखेपासून प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात एक शून्य काढलेलं होतं. खाडाखोड नव्हती. मार्चच्या सत्तावीस तारखेपर्यंत शून्यं, त्यापुढे काही नाही.

परत येताना रिक्षात रुमाना रडली. अब्बा म्हणाले, "रडून काय होणार? तीस दिवस कबूल केले होतेस. ते भर."

ती भरू लागली. रोज चारला तीन मग, मोजून, मोठ्यानं. पहिल्या दिवशी ती हौदाशी गेली तेव्हा मग कोरडा होता आणि पाणी हललं नाही. कुणीतरी बाजूला होऊन जागा दिल्यासारखं वाटलं, असं ती म्हणाली. रोज पाणी घालून झालं की ती खिळ्यानं हौदाच्या सिमेंटवर एक रेघ ओढायची. कळी उमलत गेली. पाच, अकरा, वीस रेघा. भीती जाऊन तिला सवय झाली. कधीकधी ती झाडाशी बोलायची, कॉलेजचं, प्रवेशाचं.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी दापोलीची यादी लागली. रुमानाचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कागदपत्रांसह हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. त्या रात्रीचीच एसटी घ्यावी लागणार होती.

"एकच दिवस उरला आहे गं," ती मला म्हणाली. "तू घालशील? तीन मग. चारला. रेघ ओढ आणि झालं."

"चालेल का पण?" मी विचारलं.

"चालेल. कबूल केलं होतं तेवढे दिवस भरताहेत ना?"

तिनं मला विचारलं. दुर्गाबाईंना विचारलं नाही. तेव्हा ते आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही.

मी घातलं. एक, दोन, तीन. हौदावर तिसावी रेघ ओढली आणि आपाला फोन केला. ती दापोलीला हॉस्टेलच्या रांगेत उभी होती, तिचा प्रवेश झाला होता, ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी हौदाशी गेले. सिमेंट गुळगुळीत होतं. एकोणतीस रेघा, ज्या मी स्वतः मोजल्या होत्या, खिळ्यानं खोल ओढलेल्या, नव्हत्या. बोट फिरवलं तरी काही लागलं नाही. एकच रेघ होती, थोडी तिरकी. माझी.

मी आपाला फोन करून सांगितलं. "मग माझे एकोणतीस दिवस कुठे गेले?" तिनं विचारलं. आणि म्हणाली, "कुणाला सांगू नकोस, मेहनाज. अब्बा मला परत बोलावतील."

तेव्हापासून मी घालते आहे. माझी शाळा सकाळची आहे, त्यामुळे चारला जमतं. सहामाही परीक्षेतही एक दिवस चुकवला नाही. तापात अम्मीनं उठू दिलं नाही तेव्हा ती झोपल्यावर गेले. ऑक्टोबरचं ऊन आहे, तरी गुच्छ निळाच आहे, एकही पाकळी गळलेली नाही. काल एकोणतिसावी रेघ ओढली. आज तिसावी. उद्या हौदावर तीस रेघा असतील, की एक, की एकही नाही, ते मला माहीत नाही. तीस असल्या तर आपाला परत यावं लागणार नाही. आज पाणी घालण्याआधी मी विचारणार आहे. जे आपानं जानेवारीत करायला हवं होतं आणि मी सप्टेंबरमध्ये, ते मी नीट, मोठ्यानं विचारणार आहे.

चारला सात मिनिटं आहेत. अम्मी आणि अब्बा पाहुण्यांकडे गेले आहेत, दत्तोबा सुट्टीवर आहेत. नर्सरीत मी एकटी आहे. आता शेडनेटकडून कुणीतरी मला हाक मारली, "मेहनाज." हलकी हाक, हजेरी घेतात तशी. दुर्गाबाईंनी मला कधीच पाहिलं नव्हतं. माझं नाव त्यांना कुणी सांगितलं असेल, याचा मी विचार करते आहे, आणि आता पुन्हा हाक आली, या वेळी जवळून, आणि हाकेमागून एक, दोन असं मोजणारा दुसरा एक आवाजही येतो आहे, तो तर आपाचा वाटतो, पण आपा तर दापोलीला